गडी एक

पाठीवर दहा किलो गुळाची ढेप घेऊन डोंगर चढणारा माणूस भाऊसोंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर त्यांचं गुळाचं लहानसं दुकान होतं आणि महेंद्र त्यांच्या मागच्याच बोळात राहत होता. ऑगस्ट सरता सरता एका शनिवारी तो दुकानात आला, नजर तराजूवर ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "भाऊसो, एक ढेप मिळंल का? सोमवारी परत देतो."

"परत?" भाऊसोंनी चष्मा कपाळावर चढवला. "आरं, गूळ हाय का लायब्रीतलं पुस्तक?"

"खायला नको. पाठीवर घ्यायला पायजे."

"मंग लगीन कर की लेका. त्ये बी पाठीवरच बसतंय."

दुकानातले दोघे हमाल खो खो हसले. महेंद्रही हसला, पण त्याचं हसणं ओठांच्या कडेलाच थांबलं. ते नेहमी तिथंच थांबे. ढेप मात्र मिळाली, आणि सोमवारी परत जायची ती पुढं त्याच्याकडंच राहिली. ती गोणपाटात गुंडाळून सॅकच्या तळाशी बसवायची, वर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायच्या आणि दर रविवारी पहिल्या गाडीनं मिरजेच्या पुढं जाऊन दंडोबाचा डोंगर चढायचा, असा नेम त्यानं लावून घेतला. पहिल्या रविवारी एकदाच चढला आणि मांड्या भरून आल्या. नोव्हेंबर संपत आला तेव्हा तोच डोंगर तो एका सकाळीत तीनदा चढून उतरू लागला होता. गुळाचा वास त्याच्या पाठीत मुरला. ऑफिसात शेजारी बसणारा माणूस जेवणाच्या सुट्टीआधीच भूक लागल्याची तक्रार करू लागला.

हा सगळा खटाटोप वासोट्यासाठी होता.

वासोटा एका दिवसात करायचा डोंगर, पण तो दिवस माणसाची परीक्षा पाहणारा. साताऱ्याहून पहाटे निघून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची, कोयनेच्या पाण्यातून दीड तास बोटीनं जायचं. मग पलीकडच्या काठावर ते रान सुरू होतं, इतकं दाट की भरदुपारी वाटेवर संध्याकाळ असते. दोन-अडीच तासांचा उभा चढ, आणि जितकं चढलो तितकं उजेड असतानाच उतरायचं, कारण संध्याकाळी बोट परत फिरली पाहिजे. त्या रानात माणसानं वस्तीला राहायचं नाही. दिवसभर उसनं घेतलेलं रान सांजेला ज्याचं त्याला देऊन यायचं. महेंद्रला ही अट फार आवडली होती. आपण कुठंही गेलो तरी कुणाची तरी जागा उसनी घेतल्यासारखे बसतो, हे त्याला स्वतःविषयी फार लवकर कळलं होतं.

त्या स्वभावाला एकच अपवाद होता. वीरधवल.

नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याच्या पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात महेंद्र दाखल झाला तेव्हा पहिले दोन आठवडे त्याच्या तोंडून कुणी पाच वाक्यं ऐकली नव्हती. मग एका संध्याकाळी मैदानावर कबड्डीचे संघ पाडायचे होते. एका बाजूचा कप्तान वीरधवल, इस्लामपूरजवळच्या एका गावचा, उसाच्या रानात वाढलेला, खांद्यानं रुंद आणि आवाजानं त्याहून रुंद. एकेक मुलगा निवडला जात होता. नेहमीप्रमाणे आपण शेवटी उरणार हे ठाऊक असल्यानं महेंद्र आधीच चार पावलं मागं सरकून उभा होता. वीरधवलनं बोट केलं ते थेट त्याच्याकडं. अजून धडधाकट मुलं शिल्लक असताना.

"त्यो. त्यो माझा गडी."

"त्यो काडीपैलवान?" कुणीतरी विचारलं.

"काडी न्हवं गड्या, रोज सकाळी अजिंक्यतारा न थांबता चढतोय त्यो. मी खिडकीतनं बघतो."

कुणीतरी आपल्याला खिडकीतून पाहत होतं आणि निवडत होतं, ही गोष्ट महेंद्रला त्या रात्री कितीतरी वेळ खरी वाटली नाही. पुढच्या वर्षी दोघांनी खोली एक केली. वीरधवल त्याला नावानं हाक मारीतच नसे. "गड्या, डबा आला का?" "गड्या, पेपर अवघड गेला रं." त्या दोन अक्षरांत महेंद्रला एक घर मिळालं होतं. वासोट्याचा बेतही तेव्हाचाच. अजिंक्यताऱ्यावर दोघं बसले असताना पश्चिमेकडच्या निळ्या रांगांकडं हात करून वीरधवल म्हणाला होता, "एक दिस त्या रानात आपुन दोघं." नंतर महापुराचं वर्ष आलं, मग सगळंच बंद पडलेलं वर्ष आलं, मग नोकऱ्या. महेंद्र सांगलीत एका खाजगी मोजणीदाराकडं शेतजमिनींचे नकाशे काढू लागला, वीरधवल घरची शेती पाहू लागला. भेटी होत त्या इस्लामपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. वीरधवलचं गाव तिथून सहा किलोमीटर. पण दर वेळी काहीतरी निघे. घरी पाहुणे होते, आई देवाला गेली होती, रस्त्याचं काम चाललं होतं. महेंद्रनं कधी आग्रह धरला नाही. आग्रह धरणं त्याच्यात नव्हतंच.

ऑगस्टमध्ये वीरधवलचा फोन आला. त्याचा साखरपुडा झाला होता, मुलगी सातारची, अंकिता नावाची. तिच्या भावाला, राजवर्धनला डोंगरांचा नाद होता आणि दोन्हीकडची तरणी मंडळी मिळून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वासोट्याला जायचं घाटत होतं.

"आता न्हाई म्हणू नगंस, गड्या. तुझ्याबिगर मला त्यो डोंगूर नगं. तयारी सगळी तू करायची."

आणि महेंद्रनं ती केली. नकाशे काढणारा माणूस जशी करील तशी केली. दोनशे पानी वहीत त्यानं वाट आखली. झऱ्याजवळचा मारुती, तिथून सुरू होणारा खडा चढ, नागेश्वरकडं जाणारा फाटा, माथ्यावरचं महादेवाचं देऊळ आणि त्यापलीकडचा थेट खाली कोसळणारा कडा. कुठं किती मिनिटं, कुठं किती घोट पाणी. जाऊन आलेल्या सात जणांना, फोन करायचा संकोच गिळून गिळून, त्यानं फोन केले. परवानगीला ओळखपत्रं लागतात, पायथ्याला प्लॅस्टिक मोजून आत सोडतात, सगळं टिपलं. एका पानावर मोठ्या अक्षरांत त्यानं लिहिलं: 'दुपारी अडीच. कुठंही असलो तरी वळायचं.' आणि खाली दोनदा रेघ ओढली.

शेवटच्या पानावर यादी होती. एका बोटीत बारा जण, म्हणून नावं बारा. पहिलं वीरधवलचं. दुसरं त्याचं स्वतःचं, पूर्ण: महेंद्र दिनकर बनसोडे. ते लिहिताना तो जरा थबकला होता. दुसरं घालावं की बारावं? मग त्याला ते मैदान आठवलं, ते बोट आठवलं, आणि त्यानं ते दुसरंच घातलं. यादीचा फोटो वीरधवलला पाठवला. उत्तर आलं, 'बेस्ट गड्या. सातारची मंडळी अर्ज टाकतील. मी बघतो पुढचं.'

निघण्याच्या आदल्या दिवशी आईनं बारा कापडी पुरचुंड्या शिवून ठेवल्या होत्या. आई, दीपमाला, अंगणवाडीत काम करायची. मुलांच्या डब्यांवर लिहितात तशा गोल अक्षरांत तिनं प्रत्येक पुरचुंडीवर यादीतलं एकेक नाव लिहिलं होतं, आत शेंगदाणा-गुळाचे चार-चार लाडू.

"मुक्काम त्यांच्या घरात हाय व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय. अंकिताच्या वडलांचा बंगला हाय साताऱ्यात. रिटायर सुभेदार हायत."

इस्त्री पुन्हा गरम करून त्याच्या शर्टाची कॉलर तिनं एकदा, मग आणखी एकदा दाबली. "निळा घाल जाताना," एवढंच म्हणाली.

*

शनिवारी दुपारी चारला महेंद्र साताऱ्याला पोचला. बंगल्याच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. वीरधवल ओट्यावर राजवर्धनशी बोलत होता. त्याला पाहताच तो उठला, पण नेहमीसारखा खांद्यावर येऊन कोसळला नाही.

"आलास? बरं झालं. सामान तिकडं ठेव, गाडीजवळ," तो म्हणाला आणि वळून पुन्हा मेहुण्याशी बोलू लागला.

सासुरवाडीत माणूस जरा आखडतोच, महेंद्रनं मनाशी म्हटलं. तो गाडीजवळ गेला आणि चार महिने जमवलेलं सामान काढून मांडू लागला. दोर, प्रथमोपचाराची पेटी, बारा पितळी शिट्ट्या, पुरचुंड्या. गाडीचा ड्रायव्हर गुंडा बोनेटवर बसून चहा पीत होता. घरातून आलेला दुसरा कप त्यानं महेंद्रपुढं सरकवला.

"घे. गार व्हईल. तू इस्लामपूरकडनं?"

"सांगलीचा."

"मंग ह्येंच्याकडं किती दिस झालं?"

"कुणाकडं? वीरधवलकडं?" महेंद्रनं मनात मोजलं. "नऊ वर्षं झाली की."

"नऊ!" गुंडानं मान हलवली. "लय टिकलास गड्या. म्हंजे मालक बरा हाय म्हणायचा. आमचं ह्ये सुभेदार, त्येंच्याकडं दोन वरीस काढलं तरी मेडल द्याया पायजे."

महेंद्र हसला. नव्या माणसाच्या विनोदाला उशिरा का होईना, पण हसावं, असा त्याचा रिवाज होता.

"आपल्या दोघांचं आथरून गॅरेजच्या खोलीत टाकलंय," गुंडा म्हणाला. "डास हायत, सांगून ठिवतो."

त्यावर मात्र महेंद्रला हसू आलं नाही. पाहुणे फार आहेत, खोल्या पुरत नसतील, असं त्यानं स्वतःला समजावलं. तो फार समजूतदार मुलगा होता, आणि समजूत घालण्याचं काम नेहमी स्वतःवरच सुरू होत असे.

साडेपाचला सुभेदार आप्पासो बाहेर आले. पांढरी मिशी, ताठ पाठ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली.

"चला! समद्यांनी सामान घेऊन फॉलिन! उद्या रानात गेल्यावर माझा बूट न्हाई, माझं पाणी न्हाई, असलं चालायचं न्हाई."

"बाबा, आम्ही पिकनिकला निघालोय, लढाईला नाही," अंकिता म्हणाली.

"लढाईत निदान दुश्मन दिसतो पोरी. रानात सोताची चूक दिसत न्हाई."

हशा पिकला. सगळे ओळीत उभे राहिले. वीरधवलचा चुलतभाऊ जयराज, अंकिताची मैत्रीण क्रांती, आणखी काही चेहरे ज्यांची नावं महेंद्रला लिहून पाठ होती पण जुळवता येत नव्हती. तोही जाऊन वीरधवलच्या शेजारी उभा राहिला. वीरधवल बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ओट्यावर अंकिताची आई, विजयमालाबाई, उद्याचं जेवण मांडत होत्या. स्टीलचे डबे ओळीनं, झाकणावर नावाची पट्टी. शेवटी एक पुडकं होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं.

आप्पासोंनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि परेडच्या आवाजात पुकारलं, "वीरधवल!"

"हजर," वीरधवल खाली वाकूनच म्हणाला.

महेंद्रनं श्वास भरून घेतला. पुढचं नाव त्याचं. सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं या कल्पनेनं त्याच्या कानशिलांत ऊब आली होती.

"राजवर्धन!"

"हजर!"

श्वास तसाच राहिला. कदाचित बदलली असेल यादी, घरच्यांची नावं आधी घेतली असतील. जयराज. हजर. अंकिता. हजर. क्रांती. क्रांती? हे नाव त्याच्या यादीत नव्हतं. सात. आठ. त्यानं बोटं मोजली नाहीत, पण आकडे आपोआप पडत गेले. दहा. अकरा. आता बारावं. बारावंही चालेल, तो मनाशी म्हणाला. आप्पासोंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"अकरा माणसं. आन् गडी एक." त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि ती महेंद्रवर थांबवली. "बराबर बारा. गडी?"

अंगणात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. जयराज बाटलीचं झाकण लावत होता. विजयमालाबाईंनी वर्तमानपत्राचं पुडकं उचलून शेवटच्या डब्यापासून थोडं बाजूला सरकवलं. महेंद्रनं वीरधवलकडं पाहिलं. वीरधवल नाडी बांधत होता. ती केव्हाच बांधून झाली होती. तो ती सोडून पुन्हा बांधत होता.

"गडी!" आप्पासो पुन्हा म्हणाले, आता जरा वरच्या पट्टीत.

"हजर," महेंद्र म्हणाला.

*

बंगल्याच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ वीरधवल त्याला शोधत आला. सूर्य यवतेश्वरच्या डोंगरामागं गेला होता. महेंद्रच्या हातात तो कागद होता. आप्पासोंनी सामान तपासताना पेटीवर ठेवलेला, त्यानं उचललेला. 'गडी – १'. अक्षर ओळखायला उजेडाची गरज नव्हती. दोन वर्षं त्याच टेबलावर बसून त्यानं ते पाहिलं होतं. तो 'ड', खाली आल्यावर शेपूट मागं ओढणारा.

"गड्या, ऐक तर आदी."

महेंद्रनं ऐकून घेतलं. तो नेहमीच ऐकून घेत असे.

"सासूबाईंनी तुझी यादी बघितली. बनसोडे म्हंजे कुठलं, कोण, असं इचारलं. मला सुचलंच न्हाई काय. मी म्हणालो, त्यो माझा गडी हाय. आपण म्हणतो तसं म्हणालो रं. आईशप्पथ. त्यांनी त्यांच्या परीनं घेतलं. म्हणल्या, मंग सामान न्यायला बरं झालं."

"त्यांनी तसं ऐकलं."

"व्हय! तेच म्हणतोय मी."

"ऐकलं त्यांनी," महेंद्र म्हणाला. "लिहिलं कुणी?"

टाकीतून पाणी ठिबकत होतं. वीरधवलनं ते ठिबकणं थांबवायचं असल्यासारखा नळ घट्ट पिळला. नळ आधीच बंद होता.

"दोन महिन्यांचा सवाल हाय," तो शेवटी म्हणाला. "लगीन हुंदे. मंग मी सोता सांगतो सगळ्यांना. आता बोललो तर उगंच कायतरी निघंल. तुला म्हायती हाय माणसं कशी असत्यात. आन् उद्या वर गेल्यावर पुढं आपण दोघंच असणार की. तुझ्याबिगर वाट कुणाला ठावं हाय?"

"तसंच असतंय. वाट काढायला गडी पुढंच असतो."

"असं बोलू नगंस, गड्या."

त्या हाकेनं महेंद्रच्या आत काहीतरी उठून उभं राहिलं, सवयीनं, मालकाचा आवाज ऐकल्यासारखं. त्याला स्वतःचीच किळस आली. नऊ वर्षं ज्या शब्दात तो राहत होता त्याला मागच्या बाजूनं दुसरं दार होतं, आणि वीरधवलला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याच्या शेतावर दहा गडी होते. तो त्यांनाही याच शब्दानं हाक मारत असेल. आणि इस्लामपूरच्या हॉटेलातल्या त्या सगळ्या दुपारी, आईचं देवाला जाणं, पाहुणे, रस्त्याचं काम, एकामागं एक येऊन त्याच्यासमोर ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं हजर म्हटलं.

"नऊ वर्षांत तू मला एकदा बी घरी न्हेलं न्हाईस," तो म्हणाला.

"आईचं जुनं हाय रं सगळं…"

"तेवढं तरी सांगायचंस. मी काय म्हणणार होतो? मी कवा काय म्हणालोय?"

रुंद खांद्याचा तो माणूस हात लोंबते सोडून उभा राहिला आणि मग, कुणीतरी घरातून त्याला हाक मारली म्हणून, सुटका झाल्यासारखा आत गेला.

महेंद्रनं ओट्याच्या कोपऱ्यावर सामान पुन्हा नीट लावलं. राग त्याला येत होता, पण हातांना तो कळत नव्हता. हात सवयीप्रमाणे नीटनेटकेपणानं काम करत होते. दोराचं वेटोळं. पेटी. शिट्ट्या. दहा पुरचुंड्या ज्यांच्या त्यांच्या नावाच्या, आणि एकीवर नाव होतं ते ऐनवेळी गळालेल्या कुणाचं तरी. ते खोडून त्यानं पेनानं 'क्रांती' लिहिलं. बारावी त्यानं स्वतःच्या सॅकमध्ये ठेवली. वही हातात घेऊन तो काही क्षण उभा राहिला. ती घेऊन गेलो तर उद्या ही माणसं जाणार नाहीत, किंवा जातील आणि फाट्यावर चुकतील. क्षणभर तो विचार त्याला गोड वाटला. मग त्यानं अडीच वाजताचं पान उघडलं, दोन रेघांखाली तिसरी ओढली, आणि वही सामानाच्या वर ठेवली.

फाटकाशी आप्पासो शतपावली करत होते.

"कुठं रं? सकाळी पाचला निघायचंय."

"मी परत चाललोय, आप्पासो. सामान ओट्यावर लावलंय. वहीत वाट हाय, वेळा हायत. अडीच वाजता कुठंही असले तरी वळायचं, तेवढं त्यांना सांगा. उशीर झाला तर रानात अंधार लय लवकर पडतो."

"आरं पण गडीच न्हाई म्हणल्यावर सामान कोण…"

"मी महेंद्र दिनकर बनसोडे." आपला आवाज इतका सरळ निघू शकतो हे त्यालाही नवं होतं. "सांगलीत जमिनीचे नकाशे काढतो. वीरधवल आणि मी तीन वर्षं इथंच, साताऱ्यात, शिकायला होतो. दोन वर्षं एका खोलीत. यादी मी केली होती. तिच्यात माझं नाव दुसरं होतं."

आप्पासोंनी त्याच्याकडं पाहिलं, नीट, बुटांपासून निळ्या शर्टाच्या कॉलरपर्यंत. मग खिसा चाचपला. कागद तिथं नव्हता. महेंद्रनं तो पुढं केला. म्हाताऱ्यानं तो फाटकाच्या दिव्याखाली धरला, जावयाचं अक्षर पाहिलं आणि घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"मंग मगाशी तू 'हजर' का म्हणालास?"

हाच प्रश्न महेंद्र टाकीपासून फाटकापर्यंत स्वतःला विचारत आला होता.

"सवय, आप्पासो. त्यानं गडी म्हटलं की मी हजर म्हणतो. नऊ वर्षांची सवय हाय."

आप्पासोंची मिशी हलली. "थांब हितं. समद्यांना भाईर बोलावतो. हजेरी पुन्यांदा घेतो. नावानिशी."

क्षणभर महेंद्रला ते अंगण दिसलं. ओळ, टाळी, आणि दुसऱ्या क्रमांकाला पुकारलेलं त्याचं पूर्ण नाव. सासऱ्याच्या हुकमानं मान वर केलेला वीरधवल. त्याला ते हवं होतं, इतकं हवं होतं की त्यानं फाटकाची कडी धरून ठेवली. पण ज्या बोटानं एकदा मैदानावर त्याला निवडलं होतं, ते बोट आता हुकमावरून उठणार होतं.

"नको," तो म्हणाला. "हजेरी माझी झाली."

आप्पासोंनी स्वतः फाटक उघडून धरलं. तो बाहेर पडेपर्यंत ते तसेच उभे होते. स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं विचारलं, "किती?" आणि महेंद्रला तो साधा शब्द उच्चारायला थोडा वेळ लागला.

"एक."

*

रविवारी दुपारी भाऊसोंच्या दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. महेंद्र वाकून आत शिरला आणि गोणपाटातली ढेप तराजूशेजारी ठेवली. सकाळी आईनं सॅकमधून एकच पुरचुंडी काढताना तिच्यावरचं नाव वाचलं होतं. नाष्ट्याला तिनं त्यातलेच लाडू वाटीत घालून दिले होते आणि तो संपवीपर्यंत समोर बसून राहिली होती.

"आरं!" भाऊसो जागे झाले. "आज न्हवं का तुझा वासोटा?"

"आजच."

"मंग तू हितं कसा?"

"माझी वही गेलीय."

भाऊसोंनी चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी चेष्टेचं त्यांच्या ओठांशी आलं होतं, ते त्यांनी तिथंच ठेवलं. ढेपेवरचं गोणपाट सोडून त्यांनी हात फिरवला. तीन महिने पाठीला घासून तिची एक बाजू गुळगुळीत झाली होती, माणसाच्या पाठीएवढी किंचित खोलगट.

"ही आता इकायची कशी रं?" ते म्हणाले. "हिच्यावर तुझी मापं उमटल्यात."

महेंद्र बाकड्यावर बसला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. काटा कुठं आहे हे त्याला न बघताच कळत होतं. आता ते देवळापाशी असतील, किंवा कड्याच्या कडेला. कुणीतरी फोटो काढत असेल. कुणीतरी म्हणत असेल, अजून दहा मिनिटं. वही कुणाच्या सॅकमध्ये असेल? कुणी उघडून पाहिली असेल का? त्याला रागावून बसायचं होतं, आणि तो बसला होता ते काट्याकडं बघत, रानातल्या त्या अकरा माणसांची पावलं मोजत.

घड्याळात अडीच वाजले.

"वळा आता," तो पुटपुटला.

"कोण?" भाऊसोंनी विचारलं.

महेंद्रनं मान खाली घातली. खिशातला फोन त्यानं दुकानात शिरायच्या आधीच बंद केला होता. तो तसाच ठेवून तो उठला, रिकामी सॅक खांद्याला लावली. पाठीला काहीच लागलं नाही. इतकी हलकी सॅक घेऊन चालायची त्याला आता सवय नव्हती. बोळाच्या तोंडाशी तो अडखळला, सावरला आणि घराकडं वळला.